पेन टाईप पीएच मीटर: आकडा थोडा चुकतो, टायट्रेशन मात्र बरोबर येतं

रेटिंग आधी देतो, पाचपैकी चार. पण हे चार टायट्रेशनसाठी (म्हणजे ठाऊक ताकदीचं हायड्रॉक्साइड थोडंथोडं टाकून ॲसिड किती आहे ते काढायला) आहेत बरं का, नुसता पीएच मोजायला कसा आहे विचाराल तर तीनच्या वर जाणार नाही मी. एकाच वस्तूला दोन वेगळे मार्क कसे, ते सांगायलाच हे लिहितोय, कारण या पेन टाईप मीटरचे रिव्ह्यू वाचायला घेतले की एक तर "डिस्टिल्ड वॉटरमध्ये ७ दाखवत नाही, पैसे वाया" असं असतं नाहीतर "पॅकिंग मस्त, लवकर मिळाला" असं, आणि ज्याला वीक ॲसिडचं (पाण्यात थोडाच हायड्रोजन सोडणाऱ्या ॲसिडचं) टायट्रेशन करायचंय त्याच्या हाती दोन्हीतून काही म्हणजे काही लागत नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. या वर्गातले पेन एकमेकांसारखेच असतात, स्टिकर काढलं तर ओळखू येणार नाहीत, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्यांनाच लागू पडेल.

बॉक्समध्ये पेन, टोपी, बटण सेल आधीच बसवलेले, तीन बफर पावडरच्या (ठरलेल्या पीएचचं द्रावण बनवायच्या) पुड्या आणि एक घडी घातलेला कागद ज्यावरची अक्षरं वाचायला भिंग लागेल. डिस्प्लेवर वर पीएच, खाली टेम्परेचर. रेंज ० ते १४, रिझोल्यूशन ०.०१, टेम्परेचर कॉम्पेन्सेशन आपोआप. हे ०.०१ वाचून लोक फसतात, रिझोल्यूशन म्हणजे डिस्प्लेवर किती घरं दिसतात एवढंच, ती घरं खरी आहेत असं कोणी म्हटलेलं नाहीये. दुसरं घर माझ्या मते शोभेचं आहे, पहिल्या घरावर मात्र कॅलिब्रेशन (ठाऊक पीएचच्या बफरवर मीटर जुळवून घेणं) ताजं असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कॅलिब्रेशनचं एक नीट वाचा कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. पुड्या आहेत ४.००, ६.८६ आणि ९.१८ च्या. बाजारात बाटलीबंद बफर मिळतात ते बऱ्याचदा ४.०१, ७.०० आणि १०.०१ चे असतात. पेन बफर आपोआप ओळखतो म्हणजे काय करतो, तर जे व्होल्टेज आलं त्याच्या जवळचा आकडा त्याच्या यादीतून उचलतो, आणि यादी ६.८६ वाली लावलेली असताना तुम्ही ७.०० चा बफर दिला तर तो बिनबोभाट त्याला ६.८६ म्हणणार आणि पुढे ७ च्या आसपासचं प्रत्येक रीडिंग ०.१४ ने खाली. सेटिंगमध्ये यादी बदलता येते, पण कागदावर ते शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय. आणि ९.१८ चा बफर बोरॅक्सचा असतो, उघडा ठेवला की हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो आणि हळूहळू उतरतो, त्यामुळे तो ताजा बनवून वापरून फेकून द्या, जपून ठेवू नका. ४.०० वाला बराच टिकाऊ, तो पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचा असतो, म्हणजे ज्याने आपण सोडियम हायड्रॉक्साइड स्टँडर्डाइज करतो (त्याची नेमकी ताकद काढतो) तेच मीठ. (म्हणून पुडीतलीच पावडर वजन करून स्टँडर्ड म्हणून वापरू का असं कोणी विचारेल, तर नको, पुडीत नेमकी शुद्धता किती याची कोणी हमी देत नाही.)

आता डिस्टिल्ड वॉटरवाली तक्रार. यात मीटरची बाजू घ्यावी लागेल. डिस्टिल्ड वॉटर हवेत उघडं ठेवलं की त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, कार्बोनिक ॲसिड तयार होतं, तेही वीकच ॲसिड, आणि पीएच ५.६ च्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे पेनाने ५.८ किंवा ६.१ दाखवलं तर ते ७ पेक्षा खरं आहे. वरून शुद्ध पाण्यात आयनच इतके कमी की इलेक्ट्रोडला (पेनाच्या खालच्या मोजणाऱ्या काचेच्या भागाला) धड सर्किट मिळत नाही, रीडिंग नुसतं तरंगत राहतं. लॅबमधला महागडा मीटरसुद्धा तिथे लटपटतो. तपासायचंच असेल तर बफरमध्ये तपासा ना, ६.८६ आणि ४.०० वर कॅलिब्रेट करा आणि मग ९.१८ मध्ये बुडवून काय म्हणतो बघा. ९.१ च्या वर असेल तर इलेक्ट्रोड ठीक आहे. ८.९ वगैरे दाखवत असेल तर काच म्हातारी झालीय किंवा वस्तू आलीच तशी आहे, परत पाठवा.

आतमध्ये काय चालतं ते थोडक्यात, कारण पुढचं त्यावर उभं आहे. खाली जो काचेचा फुगा दिसतो त्याच्या आत ठरलेलं द्रावण असतं, बाहेर तुमचं सॅम्पल, दोन्हीकडच्या हायड्रोजन आयनच्या फरकाने काचेवर व्होल्टेज तयार होतं, २५ अंशांना दर एक पीएचमागे ५९.१६ मिलीव्होल्ट. एवढंच. पीएचची स्केल सोरेनसनने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये १९०९ मध्ये मांडली आणि त्याच वर्षी हाबर आणि क्लेमेन्सिविक्झ यांनी काचेच्या इलेक्ट्रोडवरचं काम छापलं, पण काचेचा रेझिस्टन्स इतका प्रचंड की साध्या गॅल्व्हानोमीटरला ते व्होल्टेज झेपायचं नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यात अर्नोल्ड बेकमनने त्याला व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडला, तो कशासाठी तर लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला. म्हणजे हे यंत्र जन्मालाच वीक ॲसिडसाठी आलंय असं म्हणायला हरकत नाही.

तर टायट्रेशन. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड २५ मिली पिपेटने घेतलं, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. कोनिकल फ्लास्क इथे चालत नाही, पेनाचा खालचा भाग जाड आहे, तोंडातून जातो पण मग ब्युरेटच्या टोकाला जागा उरत नाही आणि हलवताही येत नाही. १०० मिलीचा बीकर घ्या. त्यात २५ मिली टाकल्यावर फुगा जेमतेम बुडतो, म्हणून आणखी २५ मिली डिस्टिल्ड वॉटर ओतलं. हे बघून बरेच जण दचकतात की अहो कॉन्सन्ट्रेशन बदललं. बदललंच, पण मोल बदलले का? नाही ना. सुरुवातीचा पीएच बदलेल, ०.१ मोलरला ज्या फॉर्म्युल्याने २.८८ येतो, अर्धे कंसात पीकेए वजा लॉग सी (पीकेए म्हणजे ॲसिड किती वीक ते सांगणारा आकडा, सी म्हणजे कॉन्सन्ट्रेशन), त्याने ०.०५ मोलरला ३.०३ येतो, पण हायड्रॉक्साइड मात्र २५ मिलीच लागणार.

आणि हा २.८८ चा आकडा बघून घ्या जरा. त्याच कॉन्सन्ट्रेशनचं हायड्रोक्लोरिक १ च्या आसपास दाखवतं, ॲसेटिक २.८८, म्हणजे शंभरातल्या एक-सव्वा रेणूंचाच हायड्रोजन सुटलाय, बाकीचे जोडीनेच बसलेत. तरीपण टायट्रेशनला दोघांना हायड्रॉक्साइड सारखंच लागतं कारण सुटलेला हायड्रोजन हायड्रॉक्साइडने उचलला की मागून दुसरा सुटतो, शेवटपर्यंत. पीएच मोजणं आणि ॲसिड किती आहे ते मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेन एकीत कच्चा, दुसरीत पक्का आहे.

रीडिंग काय आली सांगतो. सुरुवातीला गणिताने ३.०३, पेनावर ३.११. मग पहिल्या एक-दोन मिलीला पीएच पटकन चढतो (स्ट्राँग ॲसिडमध्ये हे होत नाही, त्यात सुरुवात सपाट असते), आणि मग सुस्तावतो. ५ मिलीला गणिताने ४.१६, २० मिलीला ५.३६, म्हणजे मधल्या पंधरा मिलीत जेमतेम सव्वा युनिट. हा बफरचा पट्टा, इथे द्रावण पीएच फारसा हलू देत नाही. इथे पेन झकास चालतो, रीडिंग चार-पाच सेकंदात बसतं, स्थिर असल्याचं चिन्ह लगेच येतं. इथे सावकाश थेंब थेंब टाकत बसायची गरज नाही, सरळ मिली-मिलीने जा आणि वेळ वाचवा.

१२.५ मिलीवर थांबा. अर्धं ॲसिड अर्धं ॲसिटेट (हायड्रोजन गेलेलं ॲसिड), हेंडरसन-हॅसलबाल्कच्या समीकरणात पीएच म्हणजे पीकेए अधिक लॉग (ॲसिटेट भागिले ॲसिड), तो लॉगमधला भाग एक भागिले एक, लॉग शून्य, पीएच बरोबर पीकेए. पुस्तकातला पीकेए ४.७६. पेनावर आलं ४.७२. आता इथे कोणीही म्हणेल बघा ०.०४ ने चुकला, पण थांबा. पुस्तकातला ४.७६ हा अतिशय पातळ द्रावणाचा आहे. आपल्या बीकरमध्ये त्या क्षणी ॲसिटेट ०.०२ मोलर आहे, आयनांची गर्दी आहे, त्या गर्दीत ॲसिटेटची ॲक्टिव्हिटी (प्रत्यक्षात जाणवणारं कॉन्सन्ट्रेशन) तिच्या कॉन्सन्ट्रेशनपेक्षा कमी पडते, आणि इलेक्ट्रोड मोजतो ती हायड्रोजनची ॲक्टिव्हिटी. डेबाय-ह्युकेलच्या, म्हणजे आयनांच्या या गर्दीच्या, साध्या हिशोबाने त्या जागी ४.७० च्या जवळ यायला पाहिजे. म्हणजे पेन ०.०२ नेच इकडेतिकडे आहे आणि चुकलाच असेल तर उलट्या दिशेने. ज्यांनी ४.७६ आला नाही म्हणून एक स्टार दिलाय त्यांनी मीटरला नाही, हेंडरसन-हॅसलबाल्कच्या सोप्या समीकरणाला द्यायला हवा होता. खरं तर परफेक्ट ४.७६ आला असता तर मलाच शंका आली असती.

२४ मिलीनंतर मात्र थेंबावर या. इथला हिशोब असा, २४ मिलीला ६.१४, २४.५ ला ६.४५, २४.९ ला ७.१६, २५ ला ८.६४, आणि २५.१ ला १०.१२. म्हणजे शेवटच्या ०.२ मिलीत, चारेक थेंबांत, जवळजवळ तीन युनिट. मधल्या पंधरा मिलीत सव्वा युनिट आणि इथे चार थेंबांत तीन. ब्युरेटच्या टोकाला अर्धा थेंब लटकवायचा, बीकरच्या भिंतीला लावायचा, डिस्टिल्ड वॉटरच्या पिचकारीने खाली ढकलायचा, आणि पेनाकडे बघायचं. पेनावरचा आकडा ७.२ वरून निघतो आणि थांबतच नाही, ७.६, ८.१, ८.४, परत ८.३. इथे त्याची दमछाक दिसते, कारण बफर संपलाय, द्रावणाला आता कुठलाच पीएच धरून ठेवायचा नाहीये, आणि काचेला बसायला वीस-तीस सेकंद लागतात. होल्डचं बटण इथे दाबू नका, ते धावत्या आकड्याला पकडून ठेवतं आणि तुम्हाला वाटतं रीडिंग बसलं.

इक्विव्हॅलन्सला (ॲसिड नेमकं संपतं त्या बिंदूला) पीएच ७ नाही, ८.६४, हे ज्यांना अजून पटत नाही त्यांनी हे एकदा स्वतः पेन घेऊन करावंच. ॲसिड संपलं तरी ॲसिटेट उरलंय ना ०.०३३ मोलर, ते पाण्यातून थोडा हायड्रोजन ओढतं आणि हायड्रॉक्साइड सोडतं. ७ वर जो थांबेल तो पेनाच्या आकड्यावर विश्वास ठेवूनही दीड-दोन शतांश... नाही, नीट सांगतो, ०.१४ मिली आधी थांबेल. २५ मिलीत अर्धा टक्क्याहून जास्त चूक, नुसत्या समजुतीपायी.

आता या रिव्ह्यूचा गाभा. समजा तुमचा पेन सगळीकडे ०.१५ ने कमी दाखवतो. कॅलिब्रेशन जुनं झालं की एवढं सहज होतं. याचा परिणाम किती, ते तुम्ही त्या आकड्याचं काय करता यावर आहे. सुरुवातीच्या पीएचवरून केए (पीकेए हा त्याचाच वजा लॉग) काढलात तर हायड्रोजनच्या कॉन्सन्ट्रेशनचा वर्ग येतो, चूक दुप्पट होऊन लॉगमध्ये ०.३० होते, आणि १० चा ०.३० वा घात म्हणजे २. केए सरळ दुप्पट! अर्ध्यावरच्या पॉइंटवरून काढलात तर वर्ग नाही, १० चा ०.१५ वा घात, १.४१ पट. म्हणजे चूक आहेच पण जरा बरी. आणि ॲसिड किती आहे ते काढायला नुसता एंडपॉइंट वापरलात, समजा पेनावर ८.६४ दिसल्यावर थांबलात आणि खरा पीएच होता ८.७९, तर जास्तीचं हायड्रॉक्साइड किती गेलं? ०.००२ मिलीच्या आसपास. एका थेंबाचा विसावा भाग. ब्युरेटवर ती रेघच नाही. तोच पेन, तीच ०.१५ ची चूक, एकीकडे उत्तर दुप्पट आणि दुसरीकडे दहा हजारात एक. पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ किती वाजले ते चुकीचं सांगेल पण तास किती वेळ चालला ते बरोबरच सांगतं, तसंच.

म्हणून मी म्हणतो की कर्व्हसाठी (व्हॉल्यूमविरुद्ध पीएचच्या आलेखासाठी) घ्या, आकड्यासाठी घेऊ नका. एंडपॉइंटला तरी "८.६४ आला की थांब" असं करायचंच कशाला, २६-२७ मिलीपर्यंत जा, सगळी रीडिंग लिहा, आणि दर थेंबामागे पीएच सगळ्यात जास्त कुठे उडाला ते बघा. ऑफसेट, म्हणजे सगळीकडे सारखीच असलेली चूक, वजाबाकीत उडून जातो.

याहून हुशार पद्धत ग्रान प्लॉटची, स्वीडनच्या गुन्नार ग्रानने १९५२ मध्ये मांडलेली. इक्विव्हॅलन्सच्या आधीची रीडिंग घ्या, प्रत्येक ठिकाणी टाकलेला व्हॉल्यूम गुणिले १० चा वजा पीएच घात, हे व्हॉल्यूमविरुद्ध काढा, सरळ रेघ येते, आणि ती खालच्या अक्षाला जिथे छेदते तो तुमचा इक्विव्हॅलन्स व्हॉल्यूम. रेघेचा उतार देतो केए. पेन ०.१५ ने चुकत असेल तर सगळे बिंदू एकाच पटीत वर सरकतात, उतार बदलतो, पण छेद तिथेच राहतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे ज्या जागी पेनाची दमछाक होते त्या जागेचं एकही रीडिंग लागत नाही, सगळा डेटा १५ ते २४ मिलीतला, जिथे तो शांतपणे चालतो. स्वस्तातल्या मीटरसाठीच बनवल्यासारखी पद्धत आहे ही, स्प्रेडशीटमध्ये दोन कॉलम वाढवायचे फक्त.

मग फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून एंडपॉइंट दाखवणारा इंडिकेटर) काय वाईट होतं, हा प्रश्न रास्त आहे. वाईट नाहीच. ते ८.२ च्या आसपास रंग धरायला लागतं, आपली उडी ७.१६ ते १०.१२, मधोमध बसतं. ॲसेटिक ॲसिडला नुसतं परसेंटेज काढायचं असेल तर दोन थेंब इंडिकेटर टाका आणि मोकळे व्हा, मीटर घेऊ नका. मिथिल ऑरेंज मात्र इथे निव्वळ फसवणूक, त्याचा पट्टा ३.१ ते ४.४, म्हणजे साडेसात मिलीच्या आसपासच ते पूर्ण पिवळं होऊन बसतं जेव्हा खरा एंडपॉइंट अजून साडेसतरा मिली लांब आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू २३.६ पासून रंग बदलायला लागतं आणि जवळपास २४.९६ ला पूर्ण निळं होतं, आता यातला कुठला निळा खरा हे ठरवत बसा. पेनाचा फायदा तिथे आहे जिथे सॅम्पल रंगीत किंवा गढूळ आहे, किंवा कोणता इंडिकेटर लागेल तेच माहीत नाही, किंवा पीकेए हवाय.

दुसरी ॲसिडंही करून बघा. फॉस्फोरिकमध्ये पेन दोन पायऱ्या छान दाखवतो, पीकेए २.१५ आणि ७.२० मध्ये अंतर भरपूर आहे. तिसरा १२.३५, तो कुठल्याच मीटरवर पायरी म्हणून दिसत नाही, पाणी स्वतःच आड येतं. सिट्रिकला तीन हायड्रोजन सुटतात म्हणून तीन पायऱ्या शोधू नका, ३.१३, ४.७६, ६.४० असे चिकटून बसलेत, एक लांब चढ आणि शेवटी एकच उडी. बोरिक ॲसिड सगळ्यात मजेशीर. पीकेए ९.२४, उडी अशी येतच नाही, पेन नुसता सरकत राहतो आणि माणसाला वाटतं मीटर बिघडला. त्यात मॅनिटॉल किंवा ग्लिसरीन भरपूर टाका, बोरेट त्याच्याशी कॉम्प्लेक्स बनवतं, ॲसिड एकदम तगडं होतं आणि उडी येते. हे डिस्प्लेवर घडताना बघायला मिळतं, नुसतं मॅनिटॉल टाकल्यावर, हायड्रॉक्साइडचा एक थेंबही न टाकता आकडा धाडकन खाली येतो. इंडिकेटरने ही मजा कधी कळली नसती.

वैताग आणणाऱ्या गोष्टी. एक, ऑटो ऑफ. काही मिनिटं बटण दाबलं नाही की पेन झोपतो, आणि टायट्रेशनला मिनिटं लागतातच, बरोबर २४.८ ला झोपणार म्हणजे झोपणार. बंद करायची सोय नाही. मधेमधे बॅकलाइटचं बटण दाबत राहायचं हा उपाय. दोन, क्लॅम्पमध्ये धरायला याला कुठे सपाट जागाच नाही, घट्ट आवळलं तर बटण दाबलं जातं आणि चुकून कॅलिब्रेशन मोड चालू होतो. रबराचा तुकडा गुंडाळून वरच्या बाजूला धरा. तीन, मॅग्नेटिक स्टिरर वापरत असाल तर पेन बीकरच्या कडेला आणि दांड्यापासून दोन बोटं वर ठेवा, फुगा उघडाच आहे, एक टोला बसला की खेळ खलास. काचेच्या कांडीने ढवळत असाल तर हीच काळजी दुप्पट.

टेम्परेचर कॉम्पेन्सेशनबद्दलही गैरसमज फार. ते फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारतं, ५९.१६ च्या जागी ३० अंशांना ६०.१ धरतं, बस. द्रावणाचा स्वतःचा पीएच टेम्परेचरने बदलतो तो तसाच राहतो. ३० अंशांना न्यूट्रल म्हणजे ६.९२, ७ नव्हे, आणि ९.१८ चा बफर ९.१४ चा झालेला असतो. कॅलिब्रेशन आणि टायट्रेशन एकाच खोलीत, एकाच टेम्परेचरला करा, विषय संपला.

आणि हो, मीटर कितीही भारी घेतला तरी ब्युरेटमधलं हायड्रॉक्साइड स्टँडर्डाइज केलेलं नसेल तर सगळं पाण्यात. गोळ्या हवेतला ओलावा पितात, द्रावण कार्बन डायऑक्साइड पितं, वजन करून बनवलेलं ०.१ मोलर हे कधीच ०.१ मोलर नसतं. थॅलेट किंवा ऑक्झॅलिक ॲसिडने आधी ताकद काढा, शक्यतो त्याच दिवशी. पेनाच्या नावाने खडे फोडणाऱ्या अर्ध्या लोकांची चूक बाटलीत असणार याची मला खात्री आहे.

ठेवायचा कसा, तर टोपीत तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडचे काही थेंब. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, आतलं मीठ हळूहळू बाहेर झिरपतं आणि आतला तुलनेचा रेफरन्स बिघडतो. माहितीच्या कागदावर नुसतं "टोपी ओली ठेवा" असं लिहिलंय, कशाने ते नाही, आणि ओलं म्हटलं की माणूस नळाकडेच जातो. फुगा कापडाने घासून पुसू नका, टिश्यूने टिपा. पीएच १२ च्या वरच्या रीडिंगकडे दुर्लक्ष करा, तिथे काच सोडियमलाही हायड्रोजन समजायला लागते आणि आकडा कमी दाखवते, त्यामुळे ३३ मिलीच्या पुढे जाऊन जास्तीच्या हायड्रॉक्साइडचा पीएच जुळवत बसण्यात अर्थ नाही.

एक स्टार कापलाय तो आकड्यासाठी नाही, इलेक्ट्रोडसाठी. काचेचा इलेक्ट्रोड वापरून वापरून म्हातारा होतोच, सगळ्यांचाच होतो, आधी प्रतिसाद मंदावतो, मग ९.१८ मध्ये ९.० दाखवायला लागतो. या पेनात खालचा भाग फिरवून निघतो म्हणून मला वाटलं सुटा मिळत असेल, विक्रेत्याला विचारलं तर त्याने "नवीन पेन घ्या" एवढंच कळवलं, आणि वॉरंटीच्या कागदावर इलेक्ट्रोड वगळून असं बारीक अक्षरात छापलंय, म्हणजे जो भाग नक्की बिघडणार तोच सोडून बाकी सगळ्याची हमी. घेणार असाल तर बदली इलेक्ट्रोड मिळतो का हे ऑर्डर करायच्या आधी लेखी विचारून घ्या, आणि नाही म्हणाले तर थोडे जास्त घालून वायरने जोडायच्या वेगळ्या इलेक्ट्रोडवाला मीटर बघा, त्यात मिलीव्होल्टही दिसतात आणि क्लॅम्पची कटकटही राहत नाही.